पाण्याच्या रंगावर चकाकीचा हात

मागच्या खेपेला आपण लोखंड गंजतं कसं, याबद्दल बोललो. ते व्याख्यान संपल्यावर साताऱ्याकडच्या एक ताई थांबल्या आणि त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. पत्र्याची काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव. त्यांचे वडील फौजेत होते, ट्रंक त्यांची. वडील गेल्यावर ती माळ्यावर पडून होती, गंजली होती. ताईंच्या मुलानं ती खाली काढली, गंज घासला, प्रायमर मारला, वर पाण्यातला काळा रंग दिला आणि गावातल्या पाटीवाल्या पेंटरकाकांकडून अक्षरं होती तशीच पुन्हा काढून घेतली. काकांचं वय झालेलं, हात थरथरतो. हे शेवटचं काम, असं म्हणून त्यांनी लिहून दिलं.

आता ताईंचा प्रश्न असा: रंग मॅट बसलाय, विटल्यासारखा दिसतो. वडिलांच्या वेळी ट्रंकेला कशी चकाकी होती! ती आणायला वरून क्लिअर मारला तर चालेल का? दुकानदारानं लॅकरचा डबा दिलाय, रविवारी मारायचा बेत आहे.

आम्ही त्यांना एवढंच म्हटलं, की ताई, रविवारी काही करू नका. आजचं व्याख्यान म्हणजे त्या 'करू नका'चं कारण, आणि मग करायचं काय, त्याचं उत्तर. प्रश्न ट्रंकेचा असला, तरी तुमच्या घरचं गेट, ग्रिल, सायकलची फ्रेम, लोखंडी कपाट या सगळ्यांना तो लागू आहे. रंग चुकला तर पुन्हा मारता येतो. पण रंगावर कुणाचं तरी अक्षर असेल, तर ते परत येत नाही.

रंग वाळला म्हणजे काय झालं?

आधी खालचा थर समजून घेऊ. ऑइल पेंट आणि पाण्यातला रंग वाळतात, पण दोघांचं वाळणं निराळं. ऑइल पेंटमधला टर्पेंटाइनसारखा द्रव उडून जातो आणि मग उरलेलं तेल-राळ हवेतला ऑक्सिजन घेत घेत आपसांत जोडलं जातं. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगात मात्र प्लास्टिकचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत असतात, दुधात स्निग्धांशाचे कण असतात तसे. म्हणून तर त्याला इमल्शन म्हणतात. पाणी उडायला लागलं, की हे कण जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात, चपटे होतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो.

पण हे मिसळणं आपोआप होत नाही. कण थोडे मऊ असावे लागतात. त्यासाठी रंगात एक सावकाश उडणारा द्रव घातलेला असतो. तो कणांना मऊ करतो, त्यांना जुळू देतो आणि मग हळूहळू, दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे, बाहेर पडत राहतो. शिवाय कण पाण्यात तरंगत राहावेत म्हणून साबणासारखी द्रव्यंही घातलेली असतात. तीही त्या पापुद्र्यातच अडकलेली असतात.

म्हणजे बघा, हात लावून बघितला, चिकटत नाही, तासाभरात वाळला असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात फक्त वरचं पाणी गेलेलं असतं. आतमध्ये अजून थोडं पाणी आहे, तो सावकाश उडणारा द्रव आहे, साबण आहे. पूर्ण ताकद यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. पावसाळ्यात त्याहून जास्त. आणि खाली पत्रा आहे, हे विसरू नका. भिंत थोडं पाणी पिते, लाकूड पितं, पत्रा थेंबभरही पीत नाही. आतलं सगळं पाणी एकाच वाटेनं बाहेर जाणार, वरून. त्या वाटेवर घाईनं क्लिअरचं झाकण ठेवलं, की पाण्याची कोंडी झालीच.

पाणी सावकाश का जातं, तेही आकड्यांत पाहू. घरातल्या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2,450 किलोज्यूल उष्णता लागते. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनला सुमारे 410. म्हणजे पाण्याला जवळपास सहापट. त्यात हवा आधीच पाण्यानं भरलेली असेल तर नवीन वाफेला जागाच नाही. टोल्युइनला हवेतल्या ओलाव्याशी देणंघेणं नसतं, ते आषाढातही उडतं. पाणी मात्र आषाढात बसून राहतं.

चकाकी नेमकी कुठून येते?

आता वरच्या थराकडे येऊ. लोकांना वाटतं, क्लिअर म्हणजे चकाकी डब्यात भरून ठेवलेली असते. तसं नाही. चकाकी ही पृष्ठभागाच्या सपाटपणाची गोष्ट आहे. पारदर्शक थराच्या वरच्या पृष्ठभागावरून सरळ पडलेल्या प्रकाशाचा फक्त चार टक्क्यांच्या आसपास भाग परत फिरतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर हा सगळा प्रकाश एकाच दिशेनं परततो, आणि आपल्याला त्यात खिडकी दिसते, ट्यूबलाइट दिसते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर तोच प्रकाश चहूकडे विखुरतो. विखुरलेला हा पांढरा प्रकाश रंगावर राखेसारखा पसरतो, म्हणून मॅट काळा रंग करडा दिसतो. ओल्या रस्त्याचा डांबरी रंग जास्त काळा का दिसतो? खडबडीत खाचा पाण्यानं भरल्या, म्हणून. क्लिअर तेच काम कायमचं करतो.

चकाकी मोजायचं यंत्रही असतं. ते ठरलेल्या कोनातून, बहुतेकदा 60 अंशांतून, प्रकाश टाकतं आणि किती परत आला ते सांगतं. 1.567 अपवर्तनांकाच्या गुळगुळीत काळ्या काचेला 100 धरतात, आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत.

यातून कामाची गोष्ट अशी निघते, की खालचा थर जितका सपाट तितकी वरची चकाकी. खाली ब्रशच्या रेघा, धूळ, लांबीचे खड्डे असतील तर क्लिअर ते लपवत नाही, उलट दाखवतो. आणि मॅट रंगात भुकटीचं प्रमाण जास्त, राळेचं कमी. त्यामुळे त्यात बारीक छिद्रं राहतात. पहिला हात त्या छिद्रांत शोषला जातो, कुठे चमकतो, कुठे नाही. पुष्कळ लोक इथेच घाबरतात आणि त्यावर लगेच जाड दुसरा हात ओततात. तसं करू नये. पहिला हात डागाडागाचा दिसणारच. तो वाळू द्यावा, मग पुढचा द्यावा.

मोटारीच्या कारखान्यात हेच रोज चालतं

इथे कुणी तरी म्हणेल, की मोटारींवर तर सर्रास पाण्याच्या रंगावर चकचकीत क्लिअर असतो, मग आमच्या ट्रंकेला काय झालं? प्रश्न रास्त आहे. आजच्या बऱ्याच मोटारींवर रंगाचा थर पाण्यातला असतो आणि क्लिअर बहुधा थिनरमधला, दोन भागांचा पॉलियुरेथेन. युरोपात तर गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजनाही हा बदल करावा लागला. 2004 च्या एका युरोपीय निर्देशानं अशा रंगांत हवेत उडणारी सेंद्रिय द्रव्यं लिटरमागे 420 ग्रॅमपेक्षा जास्त नसावीत असं ठरवलं, आणि 1 जानेवारी 2007 पासून ते लागू झालं. थिनरमधला चमकीचा बेस कोट या मर्यादेत बसेना, मग पाण्यातला आला.

पण कारखान्यात काय होतं ते पाहा. तिथला पाण्यातला थर अगदी पातळ असतो, साधारण 12 ते 20 मायक्रॉन. डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. हा थर गरम, कोरड्या हवेच्या बोगद्यातून जातो आणि त्यातलं बहुतेक पाणी काढून घेतलं जातं. त्यानंतर 40-50 मायक्रॉनचा क्लिअर बसतो, आणि सगळं मिळून भट्टीत सुमारे 140 अंश सेल्सिअसला भाजलं जातं. गॅरेजमध्ये भट्टी नसते, पण तिथेही कारागीर फुंकणीनं हवा मारत राहतो आणि थर सगळीकडे एकसारखा मॅट दिसल्याशिवाय क्लिअरला हात लावत नाही. एखादा ठिपका जरी ओलसर चमकला तरी थांबतो.

शिवाय तो पाण्यातला रंग क्लिअर घेण्यासाठीच बनवलेला असतो. बेस आणि क्लिअर ही एकाच घराण्याची जोडी. आपण हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं इमल्शन स्वतःच शेवटचा थर होण्यासाठी बनवलंय. त्याच्या डोक्यावर कुणी बसेल, असं त्याला सांगितलेलं नाही. म्हणून मोटारीचा नियम ट्रंकेला जसाच्या तसा लावू नये.

चार प्रकारचे क्लिअर, चार स्वभाव

दुकानात 'क्लिअर' मागितला तर साधारण चार निरनिराळ्या वस्तू मिळू शकतात.

पहिला, एनसी लॅकर किंवा तसलाच झटपट वाळणारा स्प्रे. ताईंना हाच दिला होता. याचं थिनर जहाल असतं, आणि वाळलेलं अ‍ॅक्रिलिक त्यात पुन्हा विरघळतं. ब्रशनं मारला तर पांढरी अक्षरं काळ्यात ओढली जातात. स्प्रेनं जाड मारला तर खालचा थर फुगतो आणि त्याच्या सुरकुत्या होतात, तापलेल्या दुधावरच्या सायीसारख्या. हे व्हायला दोन मिनिटं पुरतात.

दुसरा, तेलाचा वार्निश. याचा द्रव टर्पेंटाइनच्या जातीचा, सौम्य. पूर्ण वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला तो सहसा दुखवत नाही. चकाकी छान येते. पण काळानुसार पिवळा पडतो, विशेषतः अंधारात. ट्रंक माळ्यावरच जायची असेल, तर पांढरी अक्षरं काही वर्षांत हळदीची होतील.

तिसरा, पाण्यातला क्लिअर, अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन. डब्यात दुधासारखा दिसतो, वाळल्यावर स्वच्छ होतो. खालच्या रंगाशी याचं गोत्र एक, त्यामुळे भांडण कमी. पिवळा पडत नाही म्हटलं तरी चालेल. चकाकी पहिल्या नंबरची नसेल, पण तीन पातळ हातांत चांगली येते.

चौथा, दोन भागांचा पीयू, क्लिअर अधिक हार्डनर. सगळ्यांत कठीण, सगळ्यांत चमकदार, पेट्रोल सांडलं तरी बिघडत नाही. पण याच्याबद्दल दोन गोष्टी गंभीरपणे सांगायच्या आहेत.

एक रसायनाची. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचं काम क्लिअरच्या राळेला जोडणं. पण त्याला पाणीही आवडतं. पाणी भेटलं की ते त्याच्याशी संयोग करतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. म्हणजे खालच्या रंगात ओल राहिली असेल तर क्लिअरच्या पोटात लाखो बारीक बुडबुडे तयार होतात. काही टाचणीच्या टोकाएवढे छिद्र सोडतात, काही आतच राहतात आणि थर धुरकट दिसतो. हे पुसून जात नाही, घासूनच काढावं लागतं.

दुसरी गोष्ट छातीची. फवाऱ्यातून उडालेलं आयसोसायनेट श्वासात गेलं तर दमा होऊ शकतो. आणि हा दमा विचित्र. एकदा शरीरानं त्याची धास्ती घेतली, की पुढे अगदी किंचित मात्राही पुरते. अशा कारागिराला कितीदा तरी धंदाच सोडावा लागतो. थिनरचा वास येतो, म्हणून माणूस सावध होतो. आयसोसायनेटचा वास धोक्याची पातळी ओलांडेपर्यंत येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवील फार तर. फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. भोपाळमध्ये 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री जो वायू गळला, तोही आयसोसायनेटच्याच कुळातला होता. तो फार वेगानं उडणारा, रंगाचा हार्डनर तसा नाही. दोघांना एका मापानं मोजू नये. पण कूळ लक्षात ठेवावं. आमच्या ओळखीचे स्प्रे मारणारे कितीतरी जण संध्याकाळी खोकतात आणि म्हणतात, धूळ गेली असेल. घरी, अंगणात, पोरंबाळं आसपास असताना पीयूचा फवारा मारू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. थर पूर्ण जुळून वाळला की मग त्यापासून भीती नाही. भीती मारतानाची आहे.

पांढरं पडलं? कुठलं पांढरं?

क्लिअर मारल्यावर पांढुरका पडला, ही तक्रार आमच्याकडे सगळ्यांत जास्त येते. पण पांढरं तीन प्रकारचं असतं, आणि तिन्हींवर उपाय वेगळे.

लॅकर मारल्यावर पाच-दहा मिनिटांत दूधट झाला, तर ती हवेतली ओल. थिनर झटकन उडालं, त्यानं पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतली, पत्रा गार झाला आणि हवेतलं पाणी त्यावर दव होऊन बसलं. हे पुष्कळदा सुधारतं. कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिला, की थर पुन्हा मोकळा होतो आणि पाणी निघून जातं. पण खाली पाण्याचा रंग असेल तर हा उपायही जपून, कारण तेच थिनर खालच्या रंगाला चावतं.

पाण्यातला क्लिअर वाळून दोन दिवस झाले तरी निळसर-पांढरा दिसतो, विशेषतः काळ्यावर, तर थर जाड झालाय किंवा खाली ओल आहे. इथे फक्त वाट बघायची. कोरडी, वाहती हवा द्यायची. उन्हात तापवायला ठेवू नका; वरची साय घट्ट होते आणि आतलं आतच राहतं.

तिसरं पांढरं पीयूच्या बुडबुड्यांचं. त्याबद्दल आत्ताच बोललो. भिंगातून पाहिलं तर बुडबुडे दिसतात. त्यावर घासण्याशिवाय इलाज नाही.

हवेचा अंदाज घ्यायला एक नियम पाठ करा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी जास्त हवं. जुलैत 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण 26 अंश. पत्रा 29 च्या वर हवा, आणि तो तर 28 वरच आहे. म्हणजे त्या दिवशी डबा उघडायचा नाही. डिसेंबरच्या दुपारी 25 अंश आणि 45 टक्के असेल, तर दवबिंदू 12 अंश. बिनधास्त काम करा. आपल्याकडे जुने पेंटर दिवाळीनंतर लोखंडकाम काढतात, ते काही उगाच नाही.

मग ट्रंकेचं काय करायचं?

आता क्रमानं सांगतो.

पहिलं, खाली काय आहे ते विचारा. साधा लोखंडी पत्रा असेल आणि प्रायमर न मारता पाण्याचा रंग दिला असेल, तर रंगातल्याच पाण्यानं पत्र्याला तांबूस ठिपके धरतात. वरून क्लिअर मारून ते थांबत नाहीत, फक्त काचेखाली दिसत राहतात. जस्ताचा पत्रा असेल तर उलट भानगड: त्यावर थेट ऑइल पेंट मारला असेल तर जस्त आणि तेल मिळून खाली साबण तयार होतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. ताईंच्या मुलानं साध्या पत्र्यावर रेड ऑक्साइड मारून आठवडाभर वाळू दिला होता. शाबास त्याची.

दुसरं, वाट पाहा. शेवटची रेघ ओढल्यापासून तीन-चार आठवडे, कोरड्या खोलीत, झाकण उघडं ठेवून.

तिसरं, चाचणी. झाकणाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नखानं दाबून पाहा. खूण उमटली तर अजून मऊ आहे. मग धारदार पात्यानं दोन मिलिमीटर अंतरानं सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारा, वर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी निघाल्या, तर रंगच पत्र्याला धरून नाही. क्लिअरचा विचार सोडून आधी ते बघा. शेवटी त्याच बाजूला, रेघा नाहीत अशा जागी, जो क्लिअर वापरणार तोच लावून दोन दिवस ठेवा. पांढरं अक्षर असलेला एखादा तुकडाही तसाच करून बघा. पेंटरकाकांच्या डब्यातला उरलेला पांढरा रंग एका पत्र्यावर फासून ठेवता येईल.

चौथं, स्वच्छता. बोटांचं तेल, फर्निचर पॉलिशमधलं सिलिकॉन, स्वयंपाकघरातली चिकट वाफ, यांपैकी काहीही पृष्ठभागावर असेल तर क्लिअर तिथून मागे सरकतो आणि गोल गोल खळगे पडतात. कारागीर त्यांना माशाचे डोळे म्हणतात. पण पुसायला थिनर घेऊ नका! साबणाच्या सौम्य पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळा, हलक्या हातानं पुसा, मग नुसत्या पाण्याच्या फडक्यानं, मग कोरडं होऊ द्या.

पाचवं, घासणं. एरवी आम्ही सांगतो, की 600 किंवा 800 नंबरच्या पेपरनं हलकं घासा, म्हणजे वरचा थर पकडेल. अक्षरांवर मात्र पेपर लावायचा नाही. तिथे युक्ती अशी: आधी पाण्यातल्या क्लिअरचा एक अगदी पातळ हात सगळीकडे द्यायचा, मऊ रुंद ब्रशनं, एका दिशेनं, आणि एकदा फिरवलेल्या जागी परत ब्रश न्यायचा नाही. परत नेलात तर वाळत आलेला थर ओढला जातो आणि अक्षरंही हलू शकतात. हा हात म्हणजे अक्षरांचं कवच. दोन दिवसांनी घासायचं ते या कवचाला, अक्षराला नाही.

सहावं, मग दोन पातळ हात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ, पावसाळी हवेत त्याच्या दुप्पट. थर उन्हात वाळवायचा नाही, पंख्याचा थेट झोतही नको, धूळ बसते. शेवटच्या हातानंतर आठवडाभर ट्रंकेवर काही ठेवू नका. नव्या क्लिअरवर वर्तमानपत्र ठेवलं तर अग्रलेख उलटा छापलेला मिळतो.

ताईंना आम्ही लॅकरचा डबा परत करायला सांगितला. दुकानदारानं बदलून पाण्यातला दिला. गेल्या आठवड्यात नवा फोटो आला. चकाकी फौजेतल्या परेडच्या बुटासारखी नाही, खरं सांगायचं तर. पण काळा आता काळा दिसतो, आणि काकांच्या एका अक्षराला जिथे हात थरथरल्याची किंचित लहर आहे, ती लहरही तशीच दिसते. ताईंनी पेंटरकाकांना बोलावून ट्रंक दाखवली म्हणे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आमचं गेट उन्हात असतं. त्यावर क्लिअर मारावा का?*

जपून. क्लिअरमध्ये रंगाची भुकटी नसते, त्यामुळे उन्हातले अतिनील किरण त्यातून आरपार जातात आणि खालच्या रंगाला जाळतात. खालचा रंग भुगा झाला, की वरचा क्लिअर पापुद्र्यांनी सुटतो. जुन्या मोटारींच्या टपावर हे पाहिलं असेल. बाहेरच्या कामासाठी अतिनील किरण अडवणारी द्रव्यं असलेलाच क्लिअर घ्यावा, तसं डब्यावर लिहिलेलं असतं. इपॉक्सी क्लिअर उन्हात वापरू नये, तो पिवळा पडतो आणि भुकटी होते. खरं तर गेटला चमकच हवी असेल तर चकचकीत रंगच मारावा. क्लिअर कशाला?

*लॅकरच मारायचा असेल तर काहीच मार्ग नाही का?*

आहे. रंग पूर्ण जुना झाल्यावर, लांबून, धुक्यासारखे कोरडे फवारे, प्रत्येकामध्ये पुरेसा वेळ देऊन. थिनर साचू न देता थर चढवायचा. पण हे हाताचं कौशल्य आहे, आणि शिकायची जागा म्हणजे फुटका डबा, वडिलांची ट्रंक नव्हे.

*किती वर्षं टिकेल?*

आत ठेवलेल्या ट्रंकेवर पुष्कळ टिकेल. पण टिकण्यापेक्षा महत्त्वाचं हे, की पुढे कधी खराब झालं तर वरचा थर पुन्हा घासून नवा करता येतो आणि अक्षरं खाली सुखरूप राहतात. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो, की काय लावलं, कधी लावलं, ते एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. वीस वर्षांनी तुमच्या घरातलं कुणी तरी तीच ट्रंक घेऊन आमच्यासारख्या कुणाकडे येईल. त्याला पहिला प्रश्न हाच विचारला जाईल, की खाली काय आहे?